सहचूल

आमचं घर दोन पिढ्या सोयाबीनवर जगलं, आणि त्यातला एक दाणाही आमच्यापैकी कुणाच्या पोटात गेलेला नाही, अशी माझी समजूत होती. लातूरच्या बाजारात आमची आडत आहे. सासऱ्यांनी सुरू केली, दोघा भावांनी वाढवली. सोयाबीन येतं, ढीग लागतात, सौदा होतो, ट्रक तेलाच्या गिरणीला जातात. तेल काढून उरलेली पेंड कोंबड्या खातात. कोंबड्या आम्ही खात नाही, त्यामुळे विषय तिथंच संपतो. सोयाबीन ही माणसांनी खायची वस्तू आहे असं घरात कुणी म्हटलं असतं, तर सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली असती.

मी फिजिक्स शिकवते. लातूरला हा काही जगावेगळा व्यवसाय नाही. इथं निम्मं गाव शिकवतं आणि उरलेलं निम्मं शिकायला आलेल्यांना खोल्या भाड्यानं देतं. माझा हातखंडा विषय उष्मागतिकी. उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही, हे मी अर्धं आयुष्य मुलांना छातीठोकपणे सांगत आले. मग पन्नाशी ओलांडली आणि एका दुपारी, एसी चालू असलेल्या खोलीत, फळ्यावर कार्नोचं इंजिन काढताना, पोटातून उष्णतेचा एक लोळ निघाला आणि छातीवरून कानांपर्यंत चढला. मुलं बघत होती. कॅमेराही बघत होता. मी कार्यक्षमतेचं सूत्र विसरले, ओढणीनं मान पुसली आणि "पाच मिनिटं ब्रेक" म्हणाले. ती क्लिप मुलांनी संध्याकाळपर्यंत ‘मॅडमचा बॉइलिंग पॉइंट’ या नावानं गावभर फिरवली.

त्यात मॅडमचा दोष नव्हता. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. शरीराचा थर्मोस्टॅट तो. तरुणपणी तो उदार असतो; अंगाचं तापमान जरा वर गेलं, जरा खाली आलं, तरी काणाडोळा करतो. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं आणि त्याचा हा उदारपणाही जातो. मग जिना चढलं, चहा घेतला, कुणी उलट बोललं, एवढ्यानंही त्याला घर पेटल्यासारखं वाटतं. तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या सताड उघडतो, घामाचे नळ सोडतो. आग कुठंच नसते. मग भिजलेल्या अंगाला थंडी वाजते. बायका याला ‘वाफा येणं’ म्हणतात. जुनं दुखणं. बायका ते सहन करत आल्या, कारण त्यावर उपाय नव्हता. आता उपाय सापडला आणि सहन करण्याची सोय राहिली नाही.

उपाय आहारातच होता. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनच्या तोंडवळ्याचं एक द्रव्य असतं. ते स्वतः फारसं कामाचं नाही. पण काही जणींच्या आतड्यात असे जिवाणू असतात, जे त्याच्यापासून इक्वॉल नावाचं रसायन बनवतात, आणि ते मात्र थर्मोस्टॅटची समजूत काढतं. हे जिवाणू पोटात असतील तर सोयाबीन औषध. नसतील तर नुसताच गॅस. बाटलीत वाढवलेले जिवाणू पाजले तर ते आठवड्यात मरत. का मरतात हे अलीकडे कळलं. त्यांना एकटं राहता येत नाही. त्यांना शेजारपाजार लागतो, शेकडो ओळखीच्या जिवाणूंची आळी लागते. आणि अशी आळी सारखी कुणाची निघाली? सख्ख्या बहिणींची नाही. त्या लग्न होऊन पांगतात. वर्षानुवर्षं एका चुलीवरचं जेवलेल्या बायकांची. शास्त्रज्ञांनी याला ‘सहचूल तत्त्व’ म्हटलं. एका सहचूल बाईच्या आतड्यातली वस्ती उचलून दुसरीच्या आतड्यात ठेवली, तिला रोज सोयाबीन घातलं, की वाफा थांबतात.

वस्ती उचलायची म्हणजे नेमकं काय उचलायचं, हे सरकारी माहितीपटात एका मोगऱ्यातून दुसऱ्या मोगऱ्यात उडणाऱ्या चमचमत्या ठिपक्यांनी दाखवतात. मला ते ठिपके पाहताक्षणी कळले.

एकत्र कुटुंबाचा कैवार घेणाऱ्या पुढाऱ्यांनी फटाके वाजवले. वर्तमानपत्रांत छोट्या जाहिराती येऊ लागल्या: ‘पूर्वी एकत्र राहिलेली, निरोगी, सोयाबीन पचवणारी जाऊ अथवा नणंद असल्यास कृपया संपर्क साधावा. झालं गेलं विसरू.’ आणि नोकरदार बायकांना वाफांसाठी जी रजा मिळायची ती बंद झाली. जेवणानं टळणारी गोष्ट हा आजार नसून हलगर्जीपणा आहे, असं ठरलं. पूर्वी मला घाम फुटला की लोक नजर वळवत. आता विचारत, "काय खाल्लंत?"

हत्ते सर, आमच्या क्लासचे मालक, यांनी मला केबिनमध्ये बोलावून थंडगार ताक पाजलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"मॅडम, आमच्या मिसेसनी सासूबाईंचं घेतलं," ते म्हणाले. "महिनाभरात एकदम फ्रेश. तुम्ही कशाला अंगावर काढताय?"

"माझ्या सासूबाई वारल्या, सर."

"अरेरे. कधी?"

"तुम्ही हार घेऊन आला होतात."

त्यांनी ताकाच्या ग्लासाकडे पाहिलं. मग निर्णय सांगितला. जूनच्या बॅचपर्यंत मी कॅमेऱ्यापुढे कोरडी उभी राहू शकले तर उत्तम. नाहीतर बारा वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेली माझीच लेक्चरं चालवायची. उष्मागतिकी काही बदललेली नाही. मी मागच्या खोलीत बसून शंकांची उत्तरं टाइप करायची.

"म्हणजे तुमची जागा आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुम्हालाच देतोय."

मला फळ्यापुढे उभं राहणं सोडून आयुष्यात दुसरं काहीही धड येत नाही. स्वयंपाकही नाही, तो पुढं येईलच.

डॉक्टर ऐश्वर्या कोरे तिशीच्या, हसऱ्या. त्यांनी मला एक कॅप्सूल गिळायला दिली. ती दोन दिवस आतड्यातून हिंडत प्रत्येक वळणावर कोण राहतं त्याची शिरगणती करते. पडद्यावर माझं पोट रंगीत नकाशासारखं उमटलं.

"तुमच्यात इक्वॉलवाले होते कधीकाळी," त्या म्हणाल्या. "आता नाहीत. तुम्ही अँटिबायोटिक्स बरीच घेतलीत, ब्रेडही बराच खाल्लात. पण शेजार शाबूत आहे, मॅडम! घर रिकामं आहे, नुसतं भाडेकरू आणून बसवायचेत. कुणाबरोबर एकत्र जेवत होता तुम्ही?"

"सासूबाई. आणि जाऊ."

"जाऊबाई आहेत?"

"आहेत."

"कुठं असतात?"

"खाली," मी म्हणाले. "तळमजल्यावर."

त्यांना वाटलं, झालंच काम. त्यांचं लग्न व्हायचं होतं.

अनुराधा अक्का माझी थोरली जाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून चूल तिची आणि मी शिकवायला बाहेर. चौदा वर्षं तिनं थापलेली भाकरी मी खाल्ली. मग माझी लेक आर्या वारंवार आजारी पडायला लागली आणि तिच्या डॉक्टरांनी प्रोटीन कमी आहे, अंडं द्या, म्हणून सांगितलं. मी दुपारी कुणी नाही असं बघून अंडं उकडलं. अक्कानं ते पातेलं अंड्यासकट मागच्या गल्लीत फेकलं. मी म्हणाले, "तुमच्या भाकरीत आहेच काय? नुसता भुगा!" मला आठवतं, तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. महिनाभरात मी वर वेगळी गॅसची शेगडी मांडली. दोघे भाऊ आजही एका गादीवर बसून सौदे करतात. आम्ही दोघी लग्नाकार्यात एकमेकींना कुंकू लावतो आणि नजर भिंतीला लावतो.

आधी मी नवऱ्याला पाठवून पाहिलं. शिवराज खाली गेला, भावाबरोबर चहा प्याला आणि वर आला.

"विचारलंस?"

"वहिनीला असलं कसं विचारू ग? भाव पडलेत असं बोलून आलो."

म्हणून मीच जिना उतरले. अक्का भाजी निवडत बसली होती. तिला माझ्यापेक्षा सहा वर्षं जास्त, आणि त्या उकाड्यात, बाहेर चाळीस अंश असताना, तिचं कपाळ ठणठणीत कोरडं.

"कशाला आलीस, प्रणिता?" तिनं विचारलं. "बस की."

मी बसले. सगळं सांगितलं. जिवाणू, आळी, शेजार, जूनची बॅच. शिकवण्यात मी चांगली आहे, तिला कळलं.

"म्हंजी माझं काय पाहिजे म्हणालीस?"

"अक्का... सकाळचं."

तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"ह्या घरात अंडं शिजलेलं चालंना म्हणून मी पातेलं फेकले," ती म्हणाली, "आन् तुला माझं हे चालायलंय?"

तेवढ्यात मला वाफ आली. चेहरा लाल झाला, घाम हनुवटीवरून मेथीत पडला. अक्का बघत राहिली. तिनं आयुष्यात हे कधी अनुभवलं नव्हतं. तिची पाळी गेली ती पाहुणा न सांगता निघून जावा तशी. तिनं पंख्याचा वेग वाढवला आणि उठून चहा ठेवला. जवळपास बारा वर्षांनी मी तिच्या हातचा चहा प्याले. साखर किती घालायची, ते तिनं विचारलं नाही.

"घे म्हणावं त्या डॉक्टरणीला," ती म्हणाली. "टाकायचंच असतं ते. पर कुणाला सांगू नको."

अक्काच्या पोटाची शिरगणती झाली आणि डॉक्टर कोरे खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. एवढी भरलेली वस्ती त्यांनी मराठवाड्यात पाहिली नव्हती. "आजी, तुम्ही रोज सोयाबीन खाता? कुठल्या स्वरूपात?"

‘आजी’ ऐकून अक्काचा चेहरा पडला, का सोयाबीन ऐकून, ते मला कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांकडे पाहून बोलली.

"ही घरात यायच्या आधी दुष्काळ पडला होता. ज्वारी मिळंना. गोदामात सांडलेलं सोयाबीन असायचं, ते भाजून ज्वारीत घालून दळून आणले. भाकरी लुसलुशीत व्हायली. मग तसंच करत गेले. घरात कुणाला सांगितले नाही. कोंबड्याचं खाणं माणसाला घातलं म्हणले असते की."

म्हणजे चौदा वर्षं माझ्या ताटात प्रोटीन होतं. आर्याच्याही. त्या दुपारी मागच्या गल्लीत पातेलं पडलं तेव्हा अक्काचं तोंड उघडलं होतं ते हे सांगायला, आणि मिटलं होतं ते लाजेनं. मी म्हणाले, "अक्का, मला सांगायचं तरी." ती म्हणाली, "तू शिकलेली बाई. मला वाटलं, तुला ठावं आसंल."

पहिला नमुना तपासणीतच संपला. प्रत्यक्ष उपचाराला जिल्हा समितीची परवानगी लागते. अशा समित्या गरज असेल तेव्हा बसत नाहीत. पाडवा गेला, एप्रिल गेला. पण ते दिवस वाईट नव्हते. मी क्लासवरून आले की आधी खाली टेकायचे. अक्का मला गरम भाकरी वाढायची, सोयाबीन घातलेली, आता उघडपणे. "खात जा," म्हणायची, "वस्ती यायच्या आधी रस्ता तरी होऊ दे." मला त्या भाकरीनं काही होत नव्हतं, घर रिकामंच होतं. पण मी दोन-दोन खायचे.

फक्त अक्का माझ्याबरोबर जेवायला बसत नसे.

"तुम्ही पण घ्या की."

"झालंय माझं."

"रोजच कसं होतं?"

"म्हातारं माणूस. लवकर भूक लागते."

मला लागलं ते. पोटातली वस्ती द्यायला ही तयार आहे, पण माझ्या ताटाशेजारी ताट मांडायला अजून तयार नाही, असं मी धरलं. वर जाऊन शिवराजला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "वहिनी वाळल्यासारख्या दिसतात." मी म्हणाले, "उन्हाळा आहे." फिजिक्समध्ये निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक मी पहिल्याच तासाला शिकवते.

परवानगी आली. मे संपत आला होता. अक्का नवी इरकल नेसून दवाखान्यात आली, तिच्या हाताला विभूतीचा वास. उपचाराआधी नियमाप्रमाणे तिला पुन्हा कॅप्सूल दिली होती. डॉक्टर कोरेंनी नकाशा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"आजी, हे तुमचंच पोट आहे?"

इक्वॉलवाल्यांचा ठिपकासुद्धा नव्हता. जिथं दाट वस्ती होती तिथं भलतेच रंग पसरले होते.

"खाण्यात काही बदल केलात?"

"न्हाई."

"आजारी पडलात? गोळ्या घेतल्या?"

"न्हाई."

"आजी, खरं सांगा. सोयाबीनची भाकरी शेवटची कधी खाल्लीत?"

अक्का आपल्या चपलांकडे बघत बसली. मला तेव्हा, एवढ्या उशिरा, सगळ्या संध्याकाळी एकदम आठवल्या. ‘झालंय माझं’ म्हणताना तिच्या पाठीमागे ओट्यावर कायम झाकून ठेवलेलं एक पातेलं असायचं, तेही.

"अक्का, काय धरलंय तुम्ही?"

"सांगितलं की फळ जातंय," ती पुटपुटली.

"गेलंय ते. सांगा."

मी मेथीत घाम गाळला त्याच संध्याकाळी ती सिद्धेश्वराला गेली होती. प्रणिता बरी होईपर्यंत धान्याला शिवणार नाही, असं पिंडीसमोर बोलून आली. साबुदाणा, भगर, रताळं, बटाटा. दोन्ही वेळा. माझ्यासाठी.

डॉक्टर कोरेंनी शांतपणे समजावून सांगितलं. हे जिवाणू फार नाजूक. त्यांचं खाणं बंद झालं, आणि वरून रोज पिठूळ पदार्थांचा मारा, त्यावर जगणारे दुसरे जिवाणू माजले आणि त्यांनी जागा घेतली. सासूबाई नाहीत, आर्याची वस्ती लहानपणच्या औषधांतच गेलेली, आणखी सहचूल बाई नाही. कोपऱ्यात कुठं एखादा तग धरून असेल तर आजींनी लगेच सोयाबीन सुरू करावं. वर्षभरात वस्ती पुन्हा उभी राहिली तर राहिली. "विज्ञानात आशा सोडायची नसते," त्या म्हणाल्या. मीही मुलांना असंच सांगते, नापास झाल्यावर.

परतताना रिक्षात अक्का एवढंच बोलली. "देवाला कसं कळंना ग, कशासाठी केले ते?" मला उत्तर येत होतं, पण ते शंकांच्या खोलीत टाइप करून द्यायच्या लायकीचं होतं.

जूनची बॅच सुरू झाली. मी आता मागच्या खोलीत बसते. भिंतीपलीकडे मीच शिकवत असते, बारा वर्षांनी लहान, सुती साडीत, खणखणीत आवाजात. ती कार्नोचं इंजिन एका दमात काढते. मुलं तिच्या विनोदांना हसतात. तिच्या पोटात तेव्हा अक्काच्या भाकरीतली शेवटची वस्ती शिल्लक असेल. कपाळावर घामाचा थेंब नाही. मुलांच्या शंका येतात, मी उत्तरं देते. परवा एकानं विचारलं, ‘या मॅडम अजून आहेत का?’ मी ‘प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा’ असं टाइप केलं.

काल क्लासवरून आले तर अक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, कठडा धरून. चेहरा लालबुंद. मानेवरून धारा. पदर हातात, पण पुसायचं सुचत नव्हतं. नजर घाबरलेल्या पोरीसारखी.

"आतून पेटल्यासारखं व्हायलंय ग," ती म्हणाली. "छातीपासून वर. मी मरायली का?"

मी शेजारी बसले. "नाही मरत कुणी. दोन-तीन मिनिटं. मग थंडी वाजेल."

तिनं माझा हात घट्ट धरला. वाफ ओसरायला लागली तसा तिचा श्वास खाली बसला. मग ती माझ्याकडे वळली.

"आसं व्हतंय होय तुला?"

"असंच."

"आन् तू ह्याच्यात शिकवायलीस?"

तिला खरोखर थंडी वाजायला लागली होती. मी ओढणी तिच्या खांद्यावर टाकली. "अक्का, आता तरी भाकरी खा. आजपासून. डॉक्टर म्हणाल्यात, वस्ती परत येईल. तुमचं तरी थांबेल."

"खाऊ कशी? तू बरी होईपर्यंत म्हणून बोलून आलेय. तू कुठं बरी झालीस?"

"तुम्ही खाल्ल्याशिवाय मी बरी होणार कशी?"

"ते खरं हाय," अक्का म्हणाली. तिनं खरोखर विचार केला. "पर बोललेलं हाय ना."

मग मी आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. पुराव्याशिवाय विधान केलं.

"अक्का, मी बरी झाले. खरंच. मागच्या आठवड्यापासून एकही वाफ नाही. तुमचं व्रत पावलं."

ते म्हणता म्हणताच पोटातून लोळ निघाला, छातीवर आला, कानांत पोचला. मी चेहरा स्थिर ठेवला. कॅमेऱ्यापुढे ठेवायचे तसा. एक थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला, मग दुसरा.

अक्कानं पदराचं टोक घेतलं आणि माझं तोंड हळूहळू पुसलं, कपाळ, गाल, हनुवटी, लहान पोराचं पुसावं तसं.

"खोटं बोलायचं आसंल तर आधी तोंड तरी पुसून येत जा," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून उठली. संध्याकाळ होत आली होती. साबुदाणा भिजत घालायचा राहिला होता.